लेकीच्या घरचं रक्त

रक्त द्यायला माणूस कसा तयार करायचा, हे मला कोणी शिकवू नये. छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीत मी वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. सुई पाहून घाम फुटलेले पैलवान मी गप्पा मारता मारता खुर्चीत बसवलेत. पण जिवावर बेतलेलं असताना ‘रक्त घेणार नाही’ म्हणणारा माणूस मी एकदाच पाहिला, आणि तेही माझ्याच जिभेमुळे झालं होतं.

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचे सत्तरीचे शेतकरी. शुगरनं उजव्या पायाचा घोट्यापर्यंत कोळसा झालेला, वरच्या रक्तवाहिन्याही बंद, म्हणून पाय मांडीतून कापायचा ठरलेला. हिमोग्लोबिन सात. आमच्या सर्जननं निक्षून सांगितलं होतं, “मांडीतून कापताना रक्त जाणारच. ह्यांच्या अंगात ते आधीच नाही. तीन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही.” लोक अजून बाटली म्हणतात, आम्ही पिशवी म्हणतो, एवढाच फरक.

त्यांना मुलगा नव्हता, एकुलती एक लेक. दोन पुतणे रक्त द्यायला आले. एकाला नुकतीच कावीळ होऊन गेलेली, दुसऱ्यानं महिन्यापूर्वी दंडभर गोंदवून घेतलेलं. दोघंही बाद. मग बिडकीनच्या कारखान्यातून सुट्टी टाकून जावई आला. काही आढेवेढे न घेता खुर्चीत बसला, पिशवी भरून दिली, वर मलाच म्हणाला, “अजून लागलं तर सांगा ताई.” असा माणूस दिसला की माझा दिवस चांगला जातो.

रक्त जुळवायला लागणारा नमुना मी स्वतः वॉर्डात जाऊन घेते. नळ्यांची अदलाबदल झाली तर माणूस जातो, त्यामुळे मी दुसऱ्या कोणावर भरवसा ठेवत नाही. त्या दिवशीही गेले. बाबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, “नशीब काढलंत बाबा! तुमच्यासाठी जावयानं रक्त दिलं.”

त्यांनी हात मागे ओढला. पट्टा तसाच दंडाला.

“कोनी दिलं?”

“जावयानं.”

“मी लेकीच्या घरचं पानी बी पीत नाय, बाई. अन् तिच्या नवऱ्याचं रगत घेऊ व्हय? नाय. मला कापू नका. घरला न्या.”

लेक उशाशी उभी होती. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरलेले नाही. मला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली. माझंही माहेर कन्नडचं. माझे वडील माझ्या घरी येताना पाण्याची बाटली सोबत आणायचे. मला हे कळायला नको होतं?

मी समजावायला बसले. म्हटलं, बाबा, जावयाचं रक्त तुम्हाला चढत नाही, ते आमच्या फ्रिजमध्ये जातं आणि तुम्हाला दुसऱ्याच कोणाचं मिळतं. म्हातारा पक्का. “त्याच्या बदलीच मिळनार ना? मग घेनं ते घेनंच.” मी दुसरी वाट धरली.

“बरं, मग माझं घ्या. मी तर तुमची कोणी नाही.”

“तुमचं माहेर कुठलं?”

मी खरं सांगून बसले. “कन्नड.”

“मंग तुमी बी आमच्या तालुक्याच्या लेकीच की!”

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. पण पायातलं विष वर सरकत होतं आणि सर्जननं एकाच दिवसाची मुदत दिली होती.

खाली आल्यावर मी आमच्या रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. अडलेल्या पेशंटला बदली न मागता रक्त देता येतं, आणि शिबिरात लोकांनी दिलेल्या तीन पिशव्या त्यांच्या गटाच्या शिल्लक होत्या. मग जावयाला गाठलं. त्याच्या फॉर्मवर ‘कोणासाठी’च्या पुढं सासऱ्याचं नाव होतं. “ते खोडलं तर चालेल?” म्हटलं. तो म्हणाला, “काय पन लिहा ताई, मामा वाचले पाहिजेत.” मी नाव खोडलं, ‘स्वेच्छेनं’ लिहिलं, त्याची सही घेतली आणि फॉर्म वर नेला. बाबांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं.

“आता त्याचं रगत माझ्या नावावर नाय?”

“नाही. तुम्हाला शिबिरात लोकांनी दिलेल्या तीन पिशव्या. त्या लोकांनी कोणाकडून काही मागितलेलं नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

त्यांनी हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन सुरू झालं. वाहिन्या आधीच खराब होत्या म्हणून मांडीला रक्त थोपवणारा आवळपट्टा लावला नव्हता. त्यात आतली एक मोठी वाहिनी बांधताना दोरा निसटला. थिएटरमधून फोन आला, तिन्ही पिशव्या संपल्यात, बीपी खाली येतंय, चौथी पाठवा. मी फ्रिज उघडला. त्यांना चालेल अशी, बी पॉझिटिव्हची एकच पिशवी होती, तपासण्या त्याच सकाळी पूर्ण झालेली. जावयाची.

दुसऱ्या पेढीतून मागवायची तर अर्धा-पाऊण तास गेला असता. मी नमुना जुळवला, जुळला, आणि पिशवी पाठवली.  मी शब्द मोडतेय हे मला ठाऊक होतं. पण शब्द पाळून माणूस घालवायचा, असली इमानदारी माझ्याकडे नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा उशांना टेकून बसलेले दिसले. चेहऱ्यावर रंग आला होता. मला पाहताच विचारलं, “किती लागल्या?”

“चार.”

“शिबिराच्या तर तीनच व्हत्या.”

रक्त कोणाचं ते सांगायचं नसतं, हा नियम मला पाठ आहे. त्याच्या आड लपता आलं असतं. पण ह्या माणसाला मी तोंडावर शब्द दिला होता. “चौथी जावयाची,” मी म्हणाले. “फ्रिजमध्ये तेवढीच होती. तुम्हाला विचारायला तुम्ही शुद्धीवर नव्हता.”

त्यांनी हातावरच्या सुईच्या जागेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तरी मी खाली मान घालून ऐकल्या असत्या.

“शुद्धीत असतो तर नाय म्हनलो असतो.”

“माहीत आहे.”

“त्याला ठावं हाय का?”

“नाही.”

तेवढ्यात जावई औषधांची पिशवी घेऊन आला. सासऱ्यासमोर तो कधी बसायचा नाही, कॉटपासून दोन हात लांब, भिंतीला धरून उभा राहायचा. तसाच राहिला. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी मला हातानं गप्प केलं. मग चादरीवर, जिथं पाय असायचा तिथं, दोनदा हात आपटून ते जावयाला म्हणाले, “हुबं कशाला? बसा इथं. जागा झालीय.”