केबलवाल्याच्या बातम्या

पाटोद्यात आमच्या गल्लीतला केबलवाला रोज सात वाजता स्वतःच गावच्या बातम्या वाचतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, कॅमेऱ्यात न दिसणारी लुंगी. एका बातमीवरून त्याला सरकारी नोटीस आली होती. तेव्हापासून भेटला की सुरू व्हायचा, "गुरुजी, लोकांला आवडंल तर बघतील, न्हाई तर बटन दाबतील. सरकारनं मधी कशाला पडावं?"

यंदा सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही, म्हणून काही शेतकरी तक्रार घेऊन त्याच्याकडं आले. बियाणं विकणारा दुकानदार म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा जाहिरातदार. दुपारी दुकानदार स्वतः आला, चहा मागवला आणि हसत म्हणाला, "तेवढी बातमी नका दाखवू."

केबलवाला चहा प्यायला. संध्याकाळी तीच बातमी त्यानं पहिली दाखवली. दुसऱ्या दिवशी जाहिरात बंद झाली.

मी विचारलं, "आता सरकार बरं वाटतंय का?"

"दोघं बी गपच बस म्हणतेत," तो म्हणाला. "एक नोटीस देऊन, एक चहा पाजून."

मग त्यानं वही उघडली. "ते जाऊ द्या. तुमच्याकडं नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, ते सांगा."