धान्याच्या काट्यावर

डॉक्टरांनी हिवाळ्यात दहा किलो उतरवायला सांगितलं होतं. म्हणून रोज सकाळी मफलर गुंडाळून मी रिसोडच्या मार्केट यार्डापर्यंत चालत जायचो आणि सोयाबीनच्या काट्यावर उभा राहायचो. घरी तुपातले डिंकाचे लाडू चालूच होते.

तिथला पन्नाशीचा हमाल माझं वजन होईपर्यंत पाठीवर पोतं घेऊन थांबायचा. नाव मी कधी विचारलं नाही. खाली ठेवा म्हटलं, तर म्हणायचा, "टाकलं त पुन्हा उचला लागते." मग वाकूनच आकडा वाचायचा, "साहेब, कालच्याइतकंच हाय."

एकदा मला गंमत सुचली. "तुमीबी राहा न उभे."

आधी त्याचं पोतं काट्यावर ठेवलं, ते साठ भरलं. मग तो चढला, तर शेहेचाळीस.

मी लगेच शहाणपण शिकवलं, "थंडीत अंगाले लागते असं खात जा. डिंकाचे लाडू खा."

तो हसला नाही. पोतं पुन्हा पाठीवर घेत म्हणाला, "साहेब, तुमचं उतरत नाही, अन् आमचं अंगावर ठयरत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी घरी वजनकाटा आणला. वजन अजून तेवढंच आहे. फक्त वजन होईपर्यंत पोतं घेऊन थांबलेला माणूस आता समोर दिसत नाही.