पहिल्या सीझनचं भांडण

माझं आणि मुलाचं तीनेक वर्षं भांडण चाललं, तेही अंतराळयानाच्या मालिकेवरून. आमचे हे आधीच वारले होते. मी निवृत्त झाले तेव्हा यवतमाळच्या घरात एकटी काय करीन म्हणून मुलाने सुट्टीत येऊन टीव्हीवर ती लावून दिली आणि परत परदेशी गेला. मालिका तरी एक कुठे, एकीतून दुसरी निघालेली, अशा चार.

दर रविवारी जेवणानंतर त्याचा फोन यायचा. तब्येत, नळाला पाणी, हे झटक्यात आटपायचं. मग मी सुरू व्हायची.

माझं मत पक्कं होतं. पहिला सीझन पाहावा तर सगळ्यात जुन्या मालिकेचा. दगड थर्माकोलचे, प्रत्येक ग्रहावर तीच गुहा, रंग तेवढा वेगळा. पण कॅप्टन आणि डॉक्टर पहिल्याच भागापासून असे कचाकचा भांडतात, की वाटावं वर्षानुवर्षं एका ऑफिसात आहेत. दुसरीत यान चकाचक, खाली गालिचा, आणि माणसं पासपोर्टच्या फोटोला उभी असल्यासारखी. तिला सूर सापडायला दोन सीझन गेले. आणि मुलाची लाडकी तिसरी! ती एका तळावर घडते, कोणी कुठे जातच नाही. पाहुणे येतात, निघून जातात, उरलेले खिडकीशी उभे. मी म्हणायची, याहून जास्त घडामोडी दिग्रसच्या बसस्टँडवर होतात. तो चिडायचा. तुला धीर नाही म्हणायचा, पहिल्या सीझनमध्ये माणसांना नुसतं राहू द्यावं लागतं, मग पुढे रंगत येते. मी म्हणायची, रंगत येईस्तोवर मी म्हातारी होऊन राह्यली ना बाप्पा.

तासभर जुंपायची. नंतर भांडी घासतानाही मी पुढच्या रविवारचे मुद्दे जुळवत असे. खरं सांगते, आठवडाभरात दुसरं कोणी माझ्याशी एवढं बोलत नव्हतं. शेजारीण लोहाऱ्याला लेकाकडे राहायला गेली, तेव्हापासून तर दाराची कडीही वाजत नाही.

मग फोन एका रविवाराआड यायला लागला. त्याला बढती मिळाली, बाळ झालं. मी तक्रार केली नाही. चौथीचा पहिला सीझन पाहून ठेवला, म्हणजे बोलायला नवं काही असावं.

गेल्या रविवारी फोन आला. मी नेहमीसारखी जुनीची बाजू घेतली, त्याच्या तळाला नावं ठेवली. पलीकडून टाइप करण्याचा आवाज येत होता. मध्येच तो म्हणाला, "तुह्यंच खरं आहे आई. जुनीच चांगली."

मी जिंकले होते, आणि आता भांडायला काही उरलं नव्हतं. ऑफिसात साहेबापुढेही कधी माघार न घेतलेली मी घाईघाईने म्हणाले, "नाही रे, माह्यंच चुकलं. मलेच धीर नाही. तुही तिसरी पुन्हा पहिल्यापासून पाहीन, मग सांगीन तुले."

"हो, पाह्य ना," तो म्हणाला. "ठेवू मग आता?"