दोन भाऊ एका होडीत नकोत

प्रफुल्ल तांडेल जन्माचा भित्रा. उमरोळीच्या घराला कुलूप लावून स्टेशनपर्यंत गेला तरी एकदा परत येऊन ते ओढून बघणार. बोईसरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, पण गिऱ्हाइकाचं मशीन उघडताना अजून तो स्विच बंद आहे ना ते तीनदा बघायचा. हा दर्यावर गेला नाही तेच बरं, असं त्याच्या मूळ गावची, दातिवऱ्यातली माणसं म्हणत. त्यालाही ते पटत असे.

त्या सकाळी तो दातिवऱ्यात दादूकाकांच्या ओटीवर घामाघूम बसला होता. समोर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही.

दादूकाकांची बायको काशीबाई लग्नात धवले गायची. ते गाणारी गावात दुसरी कुणी उरली नव्हती. ती वारायच्या आधी प्रफुल्लनंच उसन्या रेकॉर्डरवर तिचे धवले उतरवून घेतले आणि काकांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरले. त्यात त्यानं दोन मोठ्या डिस्क जोडीनं बसवल्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटायचं, आरशासारखं.

तरी त्याला झोप येईना. दोन सख्ख्या भावांनी एका होडीतून जायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. बाप आणि दादूकाका कधी एकत्र दर्यावर गेले नाहीत. मग या दोघी एका पेटीत कशाला? त्यानं एक डिस्क काढून उमरोळीला तांदळाच्या डब्यात ठेवली. तेव्हापासून मशीन सुरू होत नव्हतं.

"मासा ताजा हाय का नाय ते कल्ल्यावरून कळतं," दादूकाका म्हणाले. "याचे कल्ले कुठे रे?"

प्रफुल्लला हसू आलं नाही. त्यानं पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं. डिस्क दिसली, पण पेनड्राइव्हवरच्या व्यवस्थेला जोडीतली एकटी डिस्क उघडता येईना. मात्र आपली चूक कुठे झाली ते त्याला उमगलं. मशीनला जागं करणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, त्यानं पहिल्या डिस्कवरच टाकला होता. आरसा आहे, तोही उमटेल, असं धरून चालला. पण डिस्कचं अगदी सुरुवातीचं टोक आरशाबाहेर राहतं. आणि नेमकी तीच डिस्क त्यानं घरी नेली होती.

त्यानं दुसरीवर बूटलोडर टाकून पाहिला. जागा नाही, असं उत्तर आलं. इतक्या मोठ्या डिस्कवरून जुनं मशीन सुरू करायचं तर टोकाला वेगळी चिमूटभर जागा राखावी लागते. या डिस्कवर ती राखायची राहिली होती.

घरची घेऊन ये की, असं काकांनी सुचवलं. प्रफुल्ल कीबोर्डाकडेच बघत बोलला.

"काका, नेताना जिन्यावर पिशवी आपटली माझ्या हातून. ती जिवंत आहे का, मला माहीत नाही. बघायचा धीरच झाला नाही."

काकांनी पेटीवर हात ठेवला.

"म्हणजे आता हीच एक होडी," ते म्हणाले. "मग सांभाळून ने."

डिस्कवर माहितीचा पहिला भाग जिथे सुरू होतो, त्याच्या अलीकडे थोडी मोकळी जागा होती. तेवढीच राखायची होती. आकडा चुकला तर बूटलोडर काशीबाईच्या गळ्यावर जाऊन बसला असता. प्रफुल्लनं आकडे लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले, बोटानं एकेक ताडून पाहिले. एंटर दाबताना त्याचे डोळे मिटलेले होते.

पेनड्राइव्ह काढला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. रेघ लुकलुकली. लुकलुकतच राहिली. मग पडदा उजळला.

त्यानं पहिलीच फाईल लावली. धवला सुरू व्हायच्या आधी खोकला आला, आणि मागोमाग काशीबाईचा करवादलेला आवाज: "अवो, तो पंखा बंद करा आदी."

दादूकाका उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

प्रफुल्ल तसाच बसून होता. गाणं संपेपर्यंत त्यानं मशीनवरचा हात काढला नाही. हात काढला तर ते थांबेल, असं त्याला वाटत होतं. आणि उमरोळीचा तो डबा अजून उघडायचाच होता.