बोर्ड गेला असं दादा म्हणाला

आत्याला एखाद्या गोष्टीला हात लावू नकोस म्हणायचं नसतं, हे त्या रस्त्यावरच्या चहावाल्यापासून कुलूपवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिच्या सख्ख्या भाच्याला. जन्मापासून तिच्या डोळ्यांसमोर वाढलेल्या माणसाला एवढंही कळू नये, म्हणजे कमालच झाली.

तिला आत्या म्हणण्याचा हक्क खरं तर त्या एकट्याचा, पण त्याचं ऐकून सगळा रस्ताच तिला आत्या म्हणायला लागला होता. भाच्याच्या वडिलांनी, म्हणजे आत्याच्या दादाने, तरुणपणी खेळघर काढलं होतं. लांबट हॉल, दोन्ही भिंतींना नाणं टाकून खेळायची यंत्रं, आणि मागे एक खोली. दादा पुढे लोकांशी गप्पा मारायचा आणि आत्या मागच्या खोलीत सोल्डरच्या धुरात बसून बिघडलेलं सुधारायची. तिने लग्न केलं नाही. कोणी फार खोदून विचारलंच तर म्हणायची, बिघडलेली पुष्कळ आहेत माझ्याकडे, आणखी एक कशाला.

पुढे पडदेवाली यंत्रं आली. ती बंद पडली की कंपनीचा माणूस येतो, अख्खा डबा बदलतो आणि निघून जातो, त्यात सुधारणं वगैरे काही नसतं. आत्याच्या हातचं म्हणावं असं एकच यंत्र उरलं, कोपऱ्यातलं पिनबॉल. काचेखाली उतरता पाट, त्यावरून धावणारी चकचकीत लोखंडी गोळी, तिला थोपवायला खाली दोन फ्लिपर, आणि मध्ये तीन गोल बंपर, गोळी लागली की तिला फाडकन उडवून लावणारे. गेलं वर्षभर मात्र त्यावर जुनी चादर होती. दादा जाण्याआधी थोडेच दिवस मधल्या बंपरपाशी धूर निघाला होता, आणि दादाने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आतला, सगळं चालवणारा बोर्ड गेला, आता काही होत नाही.

तेव्हा आत्या बहिणीकडे गेली होती. गेली होती म्हणजे रुसून गेली होती. दादाची दृष्टी अधू झाली होती, तरी प्रत्येक यंत्रात डोकं घालायची खोड काही जात नव्हती. एकदा तिने त्याला स्पष्ट सांगितलं, तुला तार दिसत नाही, हात लावू नकोस. त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं. ती परत आली तेव्हा यंत्रावर चादर होती आणि दादाने विषय काढायचा नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मग तिनेही ताठ्याने चादर उचलली नाही. पुढे दादा अंथरुणाला खिळला आणि ते तसंच राहिलं.

आता भाच्याने ते एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. हॉटेलवाल्याला आतलं सगळं उपसून फेकायचं होतं आणि काचेखाली दिवे लावून त्यावर गिऱ्हाइकांना सरबत द्यायचं होतं. हे कळल्यावर आत्याने वहिनीच्या स्वयंपाकघरात उभं राहून भाच्याला जाब विचारला. तो म्हणाला, चालू असतं तर कुणाला दिलंच नसतं, पण बाबांनीच सांगितलं होतं ना, बोर्ड गेला म्हणून. वर मायेने जोडलं की मागची खोलीही आता सामानाला लागेल, तुझे हात कापतात, तू आता हात लावू नकोस, घरी आराम कर. झालं. वहिनीने कपाळाला हात लावला, कारण नणंदेला ती चांगली ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो येणार होता. सकाळी खेळघराचं दार उघडायच्या आत आत्या पायरीवर हजर होती. भाचा काही बोलायला गेला, पण तिने चादर ओढून त्याच्याच खांद्यावर टाकली.

मागची फळी उघडल्यावर जळकट वास आला. बोर्डाच्या एका कडेला बोटाएवढा भाग कोळशासारखा काळा झाला होता. ट्रान्झिस्टरचं तोंड फुटलं होतं आणि त्याच्याकडे जाणारी तांब्याची रेघ पापुद्र्यासारखी उचलली गेली होती. कुणीही म्हणालं असतं, बोर्ड गेला. पण आत्याचं मत असं होतं की बोर्ड कधी आपणहून जात नाही. बोर्ड मार खातो. मारणारा दुसरीकडे असतो, आणि आधी त्याला धरायचं असतं, नाहीतर नवा ट्रान्झिस्टरही पहिल्याच फटक्याला जळतो.

फ्यूज काढला तर त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळलेली निघाली. आत्याने ती चिमटीत धरून भाच्यापुढे नाचवली. त्याचं तोंड एवढंसं झालं. सारखा फ्यूज उडत होता म्हणून बाबांनी सांगितलं आणि मी लावली, असं तो पुटपुटला. मग बरोबर. फ्यूज जीव देऊन सांगत होता की आत काहीतरी चुकलंय, आणि बापलेकांनी मिळून त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

पाट उचलून तिने टेकूवर उभा केला आणि बॅटरी घेऊन त्याच्या पोटाखाली वाकली. मधल्या बंपरला उसळी देणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, नवीकोरी होती. नवी कशी? तिने तर बदलली नव्हती. कॉइलच्या दोन टोकांमध्ये छोटासा डायोड होता. वीज एकाच दिशेने जाऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. मीटर लावला तर तो दोन्ही दिशांना वाट देत होता, म्हणजे मेला होता. आणि मग तिला तारा दिसल्या. लाल तारेच्या जागी करडी आणि करडीच्या जागी लाल. जी वीज डायोडने अडवायची, तिलाच त्याने दार सताड उघडून दिलं होतं.

तारा कुणी लावल्या हे विचारायची गरजच नव्हती. टोकाला तार दोनदा गुंडाळून, शेपूट मुडपून, वर सोल्डरचा हा एवढा गोळा. असं दादाच करायचा. आत्या आयुष्यभर त्या गोळ्यांची टर उडवत आली होती. तिला आधी राग आला, चांगला सणसणून. स्वतः तारा उलट्या लावल्या आणि बोर्डावर खापर फोडून मोकळा झाला. मग लाल आणि करडी ओळखू न येणारा दादा एकटा इथे वाकलाय, ती घरात नसताना, तिला दाखवून द्यायला की मला जमतं, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिला रडू आलं. तिने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात गुंतले होते.

हात कापत होते, यात भाचा खोटं बोलला नव्हता. म्हणून आत्याने सोल्डरिंगची तापती कांडी हातात धरलीच नाही. ती टेबलाच्या पकडीत घट्ट आवळली, आणि बोर्ड दोन्ही मुठींत धरून, कोपर टेबलावर रोवून, बोर्डच कांडीकडे नेला. कोळसा झालेला भाग खरवडला, फुटका ट्रान्झिस्टर काढून नवा बसवला, उचललेल्या रेघेच्या जागी बारीक तार टाकली. पाटाखाली डायोड बदलायला तेवढी सोय नव्हती. तिथे तिने मनगट लाकडी चौकटीला फडक्याने बांधून घेतलं. भाचा मदतीला पुढे आला तेव्हा त्याला दोन पावलं मागे जायला सांगितलं. शेवटी पाट खाली बसवला, खरा फ्यूज घातला आणि बटण दाबलं.

दिवे लागले. धूर निघाला नाही. तिने काच सरकवून बोटाने मधला बंपर दाबला, आणि त्याने फाडकन उसळी मारली. मग गोळी सोडली. ती वर गेली, मध्ये आली, तिन्ही बंपरांनी तिला एकमेकांकडे झोडपत ठेवलं आणि आकडे खडखडत चढले. हॉलमधली पडदेवाली यंत्रं सोडून दोघंतिघं बघायला आली.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला.

"काय झालं होतं नेमकं?" भाच्याने विचारलं.

आत्याने झाकपाक केली नाही. तसा तिचा स्वभावच नव्हता. "तुझ्या बापाने तारा उलट्या लावल्या होत्या," ती म्हणाली. "मी त्याला म्हटलं हात लावू नकोस, म्हणून त्याने लावला. तू मला म्हणालास, म्हणून मी लावला."

बाबांचं चुकलं असेल, हे भाच्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. यंत्राकडे बघत तो म्हणाला, "मग तारा सरळ केल्यास?"

"नाही. त्या त्याने जोडल्यात, त्या मी तोडणार नाही. डायोड नवाच घालायचा होता, तो उलटा फिरवून घातला. कॉइलला वीज कुठल्याही टोकाने आली तरी सारखंच."

त्याने पाट पुन्हा टेकूवर उभा केला आणि बॅटरी घेऊन त्याखाली वाकला. सोल्डरचे ते दोन ओबडधोबड गोळे जसेच्या तसे होते, आणि त्यांच्यामध्ये बारीक, नेटका डायोड तोंड फिरवून बसला होता. भाचा बराच वेळ वाकून राहिला. हॉटेलवाला दारातून हाका मारत होता, त्याचे दोन हमाल दोर घेऊन आत यायला निघाले होते.

भाचा उठला, डोळे पुसत दाराशी गेला आणि हमालांना तिथेच थांबवलं.

"मशीन चालू आहे," तो म्हणाला, आणि रिकाम्या टेम्पोचं मागचं फळकं स्वतःच्या हाताने वर करून कडी लावली.