आत्या तारीख विसरली नव्हती

आमच्या घराण्यात कुणी दुधाची पिशवी आणायला विसरलं तरी म्हणतात, "आत्यावर गेलास." आत्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे बोलणं चालूच आहे. लग्नकार्यात मीही ते ऐकलं आहे आणि इतरांबरोबर हसलो आहे. आत्या विसरभोळी नव्हती. हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो.

आमच्या राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं, तेव्हाची गोष्ट. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. बाकीच्यांनी धंदा सोडला होता; विधवा आत्या मात्र म्हैसूर शहरात देवराज मोहल्ल्यातल्या एका शेडमध्ये कापडावर ठसे मारायची. रंगाच्या दोन कढया, एक लांब पाट, आणि शाळेतून आल्यावर हाताखाली मुलगी. शेड रिकामं करून मिळावं म्हणून मालकानं दावा लावला होता. आत्याच्या वकिलांकडे मी गुमास्ता होतो.

मी तेव्हा बाविशीचा, आणि लॅटिनच्या नादी लागलेला. एक वही केली होती. डाव्या रकान्यात कोर्टात ऐकलेला लॅटिन शब्द, उजव्यात त्याचा इंग्रजी अर्थ. प्रायमा फेसी, ऑन द फर्स्ट लुक. सायनी डाय, विदाउट अ डे. सकाळी सायकलवरून जाताना मी ते पुटपुटत असे. मराठीसाठी तिसरा रकाना आखावा असं कधी सुचलं नाही. मराठी घरात बोलायची. तिचं कोर्टात काय काम?

पुढची तारीख पडली की त्याच संध्याकाळी पक्षकाराच्या घरी जाऊन सांगायची, आणि डायरीत 'कळवले' असं लिहायचं, हे गुमास्त्याचं काम. दहा घरं फिरून पुन्हा ऑफिसात कोण येणार? आम्ही 'कळवले' आधी लिहायचो आणि मग निघायचो. आत्याला लिहिता येत नव्हतं. मी तारीख सांगितली की ती सर्वांत लहान, कुयरीचा ठसा घेऊन दाराशेजारच्या भिंतीवर राहिलेल्या दिवसांइतक्या कुयऱ्या उठवायची, आणि रोज सकाळी एकीवर काजळाचं बोट ओढायची. तिची एकही तारीख कधी चुकली नव्हती.

त्या संध्याकाळी तिची तारीख डायरीत लिहिली. पुढे 'कळवले' लिहिलं. सायकल काढत होतो, तेवढ्यात वकिलांनी पडवीतून हाक मारली. त्यांच्याकडे पाहुणे आले होते.

"आमचा गुमास्ता बघा. काहीही विचारा त्याला."

पाहुण्यांनी विचारलं, "ऑडी आल्टरम पार्टेम?"

"हिअर द अदर साइड," मी म्हणालो. दुसऱ्या बाजूचंही ऐका. पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली आणि मला कॉफी मागवली. मी अंधार पडेपर्यंत तिथेच उभा राहून एकेक शब्द म्हणत होतो. आत्याकडे उद्या जाऊ, असं ठरवलं. उद्या राहिलं. त्यानंतर डायरी उघडली की 'कळवले' दिसायचं, आणि माझाही त्यावर विश्वास बसला.

दोन आठवड्यांनी कोर्टाच्या दारात शिपायानं आत्याच्या नावाचा पुकारा केला, तेव्हा मला आठवलं की मी तिच्याकडे गेलोच नव्हतो. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. अशा वेळी गुमास्त्यानं हात वर करून "येताहेत" म्हटलं, की न्यायाधीश थोडं थांबत. सायकलनं आत्याला आणायला पाव तास पुरला असता. पण तिनं सर्वांसमोर "मला कुणी सांगितलंच नाही" म्हटलं असतं. दुसरा पुकारा झाला. तिसरा झाला. माझा हात खालीच राहिला. निकाल एक्स पार्टी लागला. फ्रॉम वन साइड.

वकिलांनी विचारलं, "पक्षकार कुठे होती?"

"मी सांगितलं होतं. विसरली."

त्यांनी डायरी बघितली. "तीस दिवसांच्या आत अर्ज केला तर निकाल फिरवता येईल. तिला घेऊन ये."

मी तिला नेलं नाही. रस्त्यात भेटल्यावर तिनंच विचारलं, "काय मरी, आपल्या केसचं काय झालं?" मरी म्हणजे कन्नडमध्ये पिल्लू; मोठा झालो तरी ती मला तेच म्हणायची.

"एक्स पार्टी झालंय, आत्या."

"ते चांगलं का वाईट?"

"कोर्टाचा शब्द आहे. असं चालतं."

"मग होऊ दे," ती म्हणाली, आणि पिशवीतलं केळं माझ्या हातात ठेवलं. मी रोज दिवस मोजत होतो. एकतिसाव्या दिवशी मला हलकं वाटलं, हेही लिहायला हवं.

मग कोर्टाचा अमीन शेड रिकामं करायला आला. त्यानं कढया गटारात उपड्या केल्या. गल्लीभर लाल पाणी वाहिलं. शेजारी जमले. कुणीतरी म्हणालं, अगं, तू तारखेला गेलीच नाहीस. आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगितलं होतंस मला?"

"सांगितलं होतं."

ती भिंतीपाशी गेली. जुन्या कुयऱ्यांवरून बोट फिरवत शेवटापर्यंत आली. "इथे कुयऱ्या नाहीत रे."

"उठवायला विसरलीस, आत्या."

तिनं भिंतीवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "असेल."

मुलीला घेऊन ती कृष्णराजनगरला दिरांकडे गेली. तिथे दुसऱ्याच्या घरात तांदूळ निवडत राहिली आणि तिथेच वारली.

तिची मुलगी आता सत्तरी ओलांडलेली, इथे म्हैसुरातच राहते. तिच्या स्वयंपाकघरात तीन कॅलेंडरं आहेत. गोळ्या, गॅस, दूधवाला, सगळं त्यांवर लिहिलेलं. परवा गेलो तेव्हा ती ओट्याशी रडत बसली होती. कुकर लावून विसरली होती, इतकंच.

"आईचं माझ्यात आलं, अण्णा. लहानपणापासून मी याचीच वाट बघत होते."

तेव्हा मी सांगितलं. पडवी, डायरी, पुकारा, तीस दिवस, भिंत.

"हौदा?" खरंच का, एवढंच ती कन्नडमध्ये म्हणाली. मग तिनं कुकर जवळ ओढला. "काकांच्या घरी आई रोज सकाळी विचारायची, आज वार कुठला? मी सांगायची. मग म्हणायची, नक्की ना? तिला वार ठाऊक असायचा, अण्णा. आपल्याला ठाऊक आहे यावरच तिचा भरवसा उरला नव्हता."

"माझा मेन्स रिया नव्हता गं, म्हणजे गिल्टी माइंड..."

"ते कोर्टातलं नको. आपल्या भाषेत सांग." तिनं डोळे पुसले. "आणि मला एकटीला सांगून भागणार नाही. सगळ्यांना सांग."

मी क्षमा मागितली. ती उठून कुकर घासायला लागली.

पुढच्या महिन्यात माझ्या नातवाचं लग्न आहे. सगळे जमतील, आणि कुणीतरी कुणाला तरी "आत्यावर गेलास" म्हणेल. तेव्हा उभं राहून वाचायला हे लिहिलं आहे. आवाज पुरेल की नाही, ठाऊक नाही. नाही पुरला, तर कागद आत्याच्या मुलीनं घ्यावा. सगळं वाचायची गरज नाही. मी तारीख सांगितली नव्हती, एवढं वाचावं.