जावेच्या डेअरीत मी

गेल्या शनिवारी नगरमध्ये, लेकीच्या शाळेच्या स्टेजवर, मी हातात किटली घेऊन दूध घालायला उभी होते. आणि डेअरी होती माझ्या जावेची...

नीट सांगते. माझी मुलगी ओवी दुसरीत आहे. शाळेत 'मी मोठेपणी कोण होणार' अशी वेशभूषा स्पर्धा होती, आणि सोबत एका पालकाने पण छोटंसं काम करायचं होतं.

मी गृहीतच धरलं की पोरगी माझं सोंग घेणार. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पांढरा ॲप्रन घरातच आहे. तिच्या मापाचा करायला मी त्याला टाके घालायलाही बसले होते.

"मला मनीषाकाकू व्हायचंय," ती म्हणाली. सुई माझ्या हातातच राहिली.

मनीषा म्हणजे माझी धाकटी जाऊ. मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथे ती दूध संकलन केंद्र चालवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओवी तिच्याकडे राहून आली, तेव्हापासून आमच्याकडे काकूपुराण सुरू आहे... काकू अंबाड्यात पेन कसं खोचते, काकू मोठमोठ्या माणसांना रांगेत कशी उभी करते, काकू फॅट मोजायच्या मशीनला दूध कसं लावते.

खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. डबा मी करायचा, अभ्यास मी घ्यायचा, ताप आला की उशाशी मी बसायचं... आणि आदर्श कोण, तर काकू. नवऱ्याला सांगितलं तर तो गालातल्या गालात हसला, त्याने अजूनच भडका उडाला.

बरं, आदर्श काय चीज असते ते मला पक्कं माहीत आहे. लहानपणी आमच्या वस्तीवर नर्सबाई यायच्या. पोरांना डोस पाजायच्या, ओट्यावर बसून म्हाताऱ्यांचं बीपी बघायच्या... आणि मी त्यांच्या मागे मागे घरोघर हिंडायचे.

घरी आले की भावाच्या दंडाला नाडी बांधून त्याचं खोटं खोटं रक्त काढायचे. त्या बाई बघितल्या नसत्या, तर बारावीनंतर लॅबच्या कोर्ससाठी मी वडिलांशी भांडलेच नसते. ती एवढी मोठी जागा आता मनीषाला मिळाली होती, तीही बसल्या जागी.

सोंगासाठी मनीषाचा डोक्याला बांधायचा स्कार्फ मागवायला तिला फोन केला. मनात म्हटलं, ही तरी पोरीला समजावेल. "ताई, माझं कसलं सोंग काढती ती... तुमचा पांढरा कोट घाल म्हनावं, कशी डॉक्टरीन दिसंल," असं ती म्हणाली खरी, पण तिच्या आवाजातला आनंद काही लपत नव्हता. तोही मला टोचला.

स्कार्फ मात्र दुसऱ्याच दिवशी एसटीने येणाऱ्या एका पाहुण्याबरोबर आला. धुऊन, इस्त्री करून.

तर शनिवार. खोक्याचं मशीन, डोक्याला स्कार्फ, केसांत पेन... आणि मी गिऱ्हाईक. ओवीने माझ्या किटलीतलं दूध मापात घेतलं, खोक्याला लावलं, भुवया आक्रसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आज दूध पातळ लागलंय... गाय बरी हाय ना?"

हॉलमधले अर्धे पालक गावाकडचे, ते पोट धरून हसले. कुणाच्या दुधात पाणी निघालं तर मनीषा चारचौघांत त्याला तसं म्हणत नाही, फक्त गाईची तब्येत विचारते. समोरचा काय ते समजतो आणि दुसऱ्या दिवशी दूध चांगलं येतं.

पोरीने तोच सूर, तीच मान तिरकी करणं, सगळं उचललं होतं. मी आठवडाभर तोंड फुगवून बसले होते ना... क्षणभर वाटलं, हिला माझं जळणं कळलं की काय. मी लाल झाले.

नंबर काही आला नाही. परत येताना रसवंतीवर थांबलो, तेव्हा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की तुला मम्मीसारखं का नाही व्हायचं. "पण तू काय करतेस ते मला कुठे माहितीये? तू जातेस आणि दमून येतेस," ती म्हणाली. तक्रार अजिबात नव्हती, तिचं सगळं लक्ष रसाच्या ग्लासात होतं.

मला मात्र रस गोड लागेना. खरंच, घरी येऊन मी काय बोलते? पाय दुखले, आज गर्दी फार होती, चहा प्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही... एवढंच.

काल लॅबच्या सरांना विचारून तिला तिथे नेलं. स्टुलावर उभं करून मायक्रोस्कोपमधून एक स्लाइड दाखवली, रक्ताच्या पेशी म्हणजे काय ते सांगितलं. तेवढ्यात एक आजोबा आले. सुईला फार घाबरत होते, त्यांना शेतातल्या कांद्याचं विचारत विचारत मी रक्त काढलं... त्यांना कळलंसुद्धा नाही.

ओवी दारात उभी राहून बघत होती, डोळे मोठे करून. आजोबा गेले आणि ती बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मम्मी, म्हणजे तू पण काकूसारखीच आहेस."

तिच्या लेखी याच्यापेक्षा मोठं कौतुक नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी हसले, आणि माझे डोळेही भरून आले.

मनीषा, तू हे वाचशीलच. कामात रमलेली बाई कशी दिसते हे तिने आधी तुझ्याकडे बघितलं, म्हणून काल तिला मी दिसले... त्याबद्दल तुझे आभार. पण माझं जळणं अजून थांबलेलं नाही, तेवढं चालवून घे.